सगळं पान पिवळं, तरी उत्तर येईना

"रात्री अकरापर्यंत पुस्तक घेऊन बसते, रेघा मारते, रंगवते. पण विचारलं की गप्प. हिला इंग्रजी झेपणारच नाही का हो?" हा प्रश्न पालक मला इतक्या वेळा विचारतात की उत्तर तोंडपाठ व्हायला हवं होतं. ते झालेलं नाही, कारण गप्प बसण्याची कारणं प्रत्येक मुलाची वेगळी असतात. या वेळी प्रश्न मालवणजवळच्या एका आईचा होता. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मुलगी नववीत. सातवीपर्यंत मराठी शाळा, आठवीपासून इंग्रजी माध्यम. इंग्रजीच्या बाई वर्गात ग्रीक पुराणकथा घेत होत्या. झेरॉक्स वाटून त्यांनी सांगितलं होतं, वाचताना समासात टिपणं करा, 'अ‍ॅनोटेट' करून आणा. मुलीने धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांच्या गोष्टीचे कागद माझ्यासमोर ठेवले. एकही ओळ पिवळी व्हायची राहिली नव्हती, आणि समासात एक अक्षर नव्हतं.

आधी तिच्याकडून मराठी वर्तमानपत्रातला उतारा मोठ्याने वाचून घेतला. तिथेही ती अडखळली असती, ओळी गाळल्या असत्या, अक्षरांची उलटापालट केली असती, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या असं मी सांगितलं असतं. तसं काही नव्हतं, छान वाचलं.

"कुठली ओळ सोडायची ते कसं ठरवतेस?"

"सोडायची कशी? तीच परीक्षेत आली तर?"

तिचा पिवळा मार्कर म्हणजे विम्याचा हप्ता होता. मराठी शाळेत गाइडमधली उत्तरं पाठ केली की भागायचं. इथे कुणीतरी 'महत्त्वाचं ते शोध' म्हणालं, आणि चुकीचं शोधलं तर काय या धास्तीने तिने सगळंच महत्त्वाचं करून टाकलं. बुद्धीचा यात काही संबंध नाही. शिवाय नुसतं रंगवून फारसं पदरात पडत नाही, हे अभ्यासातून पुढे आलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात अधोरेखन आणि पुन्हापुन्हा वाचन यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडाथोडा, अंतराने करणं या दोन गोष्टी वरचढ ठरल्या.

मी कागद पालथे घातले आणि म्हटलं, गोष्ट सांग, मालवणीत सांग. सुरुवातीला आईकडे बघत, मग बघायचंही विसरून, तिने सांगितली. फुलं वेचणारी पोर, जमीन दुभंगून रथातून आलेला आणि तिला पळवणारा पाताळाचा राजा हेडीस, मुलीला शोधत वणवण फिरणारी डिमीटर, तिच्या दुःखाने शेतात न उगवणारं धान्य. मग एकदम थांबली आणि तावातावाने म्हणाली, "झ्यूसान हेडीसाक पोर दिल्यान, पण आवशीक इचारल्यानच नाय!"

तिला म्हटलं, हे समासात लिही. "मराठीत?" हो, मराठीत. या कथेचं जुनं रूप प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या स्तोत्रात आहे. त्यात देवांचा राजा झ्यूसने हे लग्न डिमीटरच्या नकळत ठरवलेलं असतं, आणि पुढचा सगळा अनर्थ तिथूनच सुरू होतो. म्हणजे पोरीने नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. फक्त असं काही लिहायची आपल्याला परवानगी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटीत तिने आपणहून लिहून आणलं, 'गौरी पण माहेरी येते.' मला आनंद झाला, तरी मी तिला तिथे थांबू दिलं नाही. आपल्याकडची ओळखीची गोष्ट सापडली की मुलं ग्रीक कथा बाजूला ठेवतात, हे मी बरेचदा पाहिलंय. वेगळं काय ते लिही, म्हटलं. गौरीला कुणी पळवून नेलेलं नसतं. पर्सेफनी परतते ती मृतांच्या राज्याची राणी होऊन, आणि दरवर्षी तिला तिथे जावंच लागतं.

पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणूनच पर्सेफनीला परत जावं लागतं. मग त्या दाण्यांनी नवा घोळ घातला. तिच्या कागदात सहा दाणे, मोबाइलवरच्या व्हिडिओत चार. खरे किती? स्तोत्रात एकच दाणा आहे आणि पाताळात वर्षाचा तिसरा भाग. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये सात दाणे आणि अर्धं वर्ष. हे ऐकून ती आणखीच घाबरली. परीक्षेत वर्गात दिलेल्या उताऱ्यातलं लिही, आणि समासात 'दुसरीकडे वेगळं आहे' अशी खूण कर, इतकं सांगितल्यावर तिचे खांदे सैल झाले.

आजोबांची हरकत निराळी होती: "पुस्तकार कोण रेघो मारता?" दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पुजणाऱ्या घरात हा प्रश्न येणारच, आणि तीच पुस्तकं पुढच्या वर्षी मावसभावाला जायची होती. मी वाद घातला नाही. झेरॉक्सवर पेन्सिल, पुस्तकात कागदाच्या चिठ्ठ्या, असं ठरलं. आईने हळूच विचारलं, दुसऱ्यांचे देव शिकवतात त्याने काही होत नाही ना? दशावतारात रात्रभर राक्षसांची आरडाओरड ऐकलेल्या पोरीला झ्यूस काय करणार, असं मी म्हटल्यावर त्या हसल्या.

मार्कर महिनाभर आईच्या कपाटात गेला. पहिलं वाचन हातात काही न घेता. दुसऱ्या वाचनात एका परिच्छेदाला जास्तीत जास्त तीन खुणा: अडलेल्या शब्दाभोवती गोल, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, चकित झालो तिथे उद्गारचिन्ह. प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे अर्धं वाक्य, कुठल्याही भाषेत. शेवटी कागद बंद करून गोष्ट कुणालाही सांगायची. श्रोते बहुधा आजोबाच. मुलीच्या संमतीने मी बाईंशीही बोलले. मराठीतली टिपणं चालतील, असं त्यांनी वर्गातच जाहीर केलं.

सहामाहीला इंग्रजीचे गुण थोडेच वाढले. तसंच होईल हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. उत्तरं इंग्रजीत लिहायचा सराव हे वेगळं काम आहे, त्याला वर्ष जाईल. विज्ञानाचं पुस्तक ती अजून पिवळं करते. ते सध्या तसंच राहू दिलंय.