‘बेअर’ म्हणजे अस्वल, मग ‘आय कान्ट बेअर इट’मध्ये अस्वल कुठून आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी शब्दकोशात ‘बेअर’ उघडला की अस्वल, वाहून नेणं, सोसणं, जन्म देणं, फळ धरणं, वळणं आणि शेअर बाजारातली मंदी असं सगळं एकाखाली एक सापडतं. या सगळ्याचं मूळ अस्वलात आहे का?

नाही. स्पेलिंग आणि उच्चार सारखेच असले तरी हे दोन वेगळे शब्द आहेत. एक नाम, एक क्रियापद. क्रियापदात अस्वलाचा केससुद्धा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की यादी पाठ करायची गरज उरत नाही.

आधी क्रियापद घेऊ, कारण रोजच्या वापरात तेच जास्त भेटतं. त्याचा मूळ अर्थ एकच: वाहणं, पेलणं. संस्कृतातला ‘भृ’ धातू आणि हा ‘बेअर’ एकाच कुळातले. आपल्याकडे ‘भ’ तिथे इंग्रजीत ‘ब’, हा नियमच आहे: भ्राता तसा ब्रदर, भू तसा बी, भृ तसा बेअर. आपला ‘भार’ आणि ‘भरणपोषण’ही त्याच घरचे, आणि इंग्रजीतला ‘बर्डन’ही.

आता अर्थ लावून बघा. झाड फळं वाहतं, आई पोटात मूल वाहते, माणूस दुःख वाहतो म्हणजे सोसतो. खर्च ‘बेअर’ करणं म्हणजे खर्चाचा भार उचलणं. ‘बेअर इन माइंड’साठी मराठीत मला ‘मनात वागवणं’ फार चपखल वाटतं, कारण ‘वागवणं’ आपण ओझ्यालाही म्हणतो आणि विचारालाही. ‘बेअर अ ग्रज’ म्हणजे डूख धरणं. बेअरर चेक म्हणजे जो घेऊन येईल त्याला पैसे. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 साली आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत ‘बेअर आर्म्स’ आहे, तिथेही शस्त्र बाळगणंच. (शब्दांची उलटापालट करून अस्वलांना शस्त्रं देण्याचा विनोद तिकडे इतका जुना झालाय की आता कोणी हसत नाही.)

यंत्रातलं बेअरिंगही यातूनच आलं. फिरणाऱ्या शाफ्टचा भार पेलायचा आणि तरी त्याला मोकळं फिरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. नकाशा वाचताना मात्र ‘बेअरिंग’ म्हणजे दिशा: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, म्हणजे पूर्व 90 अंश. रस्ता सांगताना ‘टर्न लेफ्ट’ आणि ‘बेअर लेफ्ट’ यांत फरक आहे. पहिल्यात सरळ डावीकडे वळायचं. दुसऱ्यात फाटा आला की नुसती डावी धरायची.

व्याकरणात एकच जागा खरी निसरडी आहे. भूतकाळ ‘बोर’, पण तिसरं रूप दोन प्रकारे लिहितात: ‘बोर्न’ शेवटी ‘ई’ लावून आणि न लावता. उच्चार तोच. अमुक साली जन्मला, अमुक गावी जन्मली, असं सांगताना ‘ई’ नाही. बाकी सगळीकडे ‘ई’ हवा: खर्च सोसला गेला, डासांवाटे पसरणारा रोग, हवेतून येणारा संसर्ग. आणि गंमत म्हणजे ‘तिने तीन मुलांना जन्म दिला’ या वाक्यातही ‘ई’ लागतो, कारण तिथे कर्ता आई आहे. हे इंग्रजी मातृभाषा असणारेसुद्धा चुकतात.

आता अस्वल. माझ्या मते खरी मजा इथे आहे. अस्वलासाठी मूळ प्राचीन शब्द वेगळाच होता. संस्कृतात तो ‘ऋक्ष’ म्हणून टिकला (जांबवानाला ऋक्षराज म्हणतात तो हाच), ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’. इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांनी मात्र तो टाकून दिला. बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की उत्तरेच्या जंगलातले लोक या जनावराचं खरं नाव घ्यायला भीत. नाव घेतलं की ते हजर होईल. म्हणून ते त्याला नुसतं ‘तपकिऱ्या’ म्हणू लागले आणि तेच पुढे ‘बेअर’ झालं. रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, तसंच हे. रशियनांनी आणखी वेगळी वाट काढली. त्यांचा ‘मेदवेद’ म्हणजे मध खाणारा. त्यातला पहिला भाग आपला ‘मधु’च.

आणि टाकून दिलेला शब्द इंग्रजीत मागच्या दाराने परत आलाच. ‘आर्क्टिक’ म्हणजे अस्वलाचा प्रदेश. पण ते बर्फातलं पांढरं अस्वल नव्हे, उत्तरेच्या आकाशातलं. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते सात तारे ग्रीकांच्या अस्वलाचाच भाग. शतपथ ब्राह्मणात तर सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असा स्पष्ट उल्लेख आहे.

शेअर बाजारातला ‘बेअर’ मात्र जनावराच्याच घरचा. अस्वल खाली पंजा मारतं म्हणून मंदी, हे स्पष्टीकरण सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते मागाहून जुळवलेलं दिसतं. अस्वल मारण्याआधीच त्याचं कातडं विकू नये अशी युरोपात जुनी म्हण आहे. आपली ‘बाजारात तुरी’ साधारण त्याच चालीची. अठराव्या शतकात लंडनच्या बाजारात जो हातात नसलेला शेअर आधी विकून मोकळा व्हायचा, त्याला ‘कातडंविक्या’ अशा अर्थाचं नाव पडलं. आज 100 ला विकायचा, भाव पडला की 80 ला घेऊन द्यायचा, मधले 20 खिशात. भाव पडावा ही त्याची गरजच, म्हणून मंदीवाला तो ‘बेअर’. हल्ली निर्देशांक अलीकडच्या उच्चांकापासून 20 टक्के किंवा त्याहून जास्त घसरला की ‘बेअर मार्केट’ म्हणायचा प्रघात आहे.

बाकी किरकोळ: ‘बेअर हग’ म्हणजे करकचून मिठी, कंपनी विकत घेण्यासाठी नाकारणं अवघड जाईल असा चढा भाव देऊ करणं, यालाही तेच नाव. आणि कोआला हे अस्वल नव्हेच, तो कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी.

लिहिताना एक सांभाळा. याच उच्चाराचा तिसरा शब्द आहे, ‘उघडा’ या अर्थाचा, त्याचं स्पेलिंग बी-ए-आर-ई. ‘जरा धीर धरा’ म्हणून ‘बेअर विथ मी’ लिहिताना ईमेलमध्ये हे स्पेलिंग पडलं, तर तुम्ही समोरच्याला आपल्यासोबत कपडे उतरवायला सांगताय. स्पेलचेकरही बहुतेकदा ते सोडून देतो, कारण शब्द म्हणून तो बरोबरच असतो.