चहातली गोळी

पत्र (थोडक्यात): "मॅडम, आम्ही करवीर तालुक्यातले, ऊस शेती. मुलगी १९ वर्षांची, बारावी सायन्सला ६४ टक्के. वर्ष झालं, घरीच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून आईचं सगळं पोरगीच बघते. आई गोळीला 'नगं' म्हणते, तर ही कुटून चहात घालून देते. अंघोळीला नगं म्हटलं तरी सोडत नाही. आज्जीचे व्हिडिओ स्टेटसला ठेवते, पै-पाहुणे कौतुक करतात. एवढा सेवाभाव बघून एक एजंट म्हणाला, सहा महिन्यांचा केअरगिव्हर कोर्स करा, इंग्लंडला पाठवतो. आठ लाख सांगतोय. तिला विचारायचा प्रश्न नाही, ती आमच्या शब्दाबाहेर नाही. कोर्स कुठला चांगला ते सांगा."

दादा, एजंटाचं आधी उरकते. परदेशातून नवे केअर वर्कर घेणं इंग्लंडनं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. त्याआधी ११ मार्च २०२४ पासून अशा कामगारांना कुटुंब सोबत न्यायलाही बंदी झाली होती. त्यामुळे तो नेमका कुठला व्हिसा विकतोय, ते त्याच्याकडून लेखी घ्या. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची सरकारदरबारी नोंद लागते, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. आठ लाख म्हणजे तुमचं ऊसबिल किती वर्षांचं, ते तुम्हीच मोजा.

आता गोळीचं. तुम्ही ही गोष्ट कौतुकानं लिहिलीत आणि मी तिथंच थांबले.

काही गोळ्या कुटायच्या नसतात. वरचं आवरण पोटाला जपण्यासाठी असतं, किंवा औषध दिवसभर हळूहळू सुटावं म्हणून असतं. कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. हे झालं औषधाचं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमची आई 'नगं' का म्हणते हे दोन वर्षांत घरात कुणी विचारल्याचं पत्रात कुठं दिसत नाही. गोळी लघवी होण्याची असेल, तर रात्री चारदा पोरीला उठवायची लाज वाटत असेल. गिळताना ठसका लागत असेल, अर्धांगवायूनंतर पुष्कळांना लागतो. विचारलं असतं तर डॉक्टरांना सांगून वेळ बदलता आली असती, पातळ औषध घेता आलं असतं. शिवाय चहात गोळी असते हे ज्या दिवशी म्हातारीला कळेल, त्या दिवसापासून ती चहाही घेणार नाही.

अंघोळीचंही तसंच. आणि ते व्हिडिओ आजच काढायला सांगा. लुळा हात, विस्कटलेली साडी, भरवताना ओघळलेलं तोंड, हे पाहुण्यांच्या मोबाइलवर जावं असं त्या बाईला वाटेल का? शिकलेल्या नर्सनं पेशंटचा असा व्हिडिओ टाकला तर तिची नोकरी जाईल. तुमच्या लेकीवर मी रागावले नाही. तिला हे कुणी शिकवलंच नाही. उलट दोन वर्षं घरचं चुकीचं वागणं 'सेवाभाव' म्हणून तिच्या गळ्यात घातलंय.

सेवाभाव असला की हे काम जमतं, हा समज माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पालकांचा असतो, त्यातही मुलगी असेल तर जास्तच. माया पहिल्या महिन्यात पुरते, पुढं कसब लागतं. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळ्या बाजूचा हात धरून, काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. काय दिलं, किती वाजता दिलं, काय नाकारलं, हे लिहून ठेवायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जे त्या माणसाला जमतं ते आपण करायचं नाही. उजव्या हातानं तोंड धुता येत असेल तर तांब्या हातात द्यायचा आणि पाच मिनिटं गप उभं राहायचं. मायेच्या माणसाला हेच जमत नाही, ते पटकन स्वतः धुऊन मोकळं होतं. आपल्या कोल्हापुरातच नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, तीही स्वतः चाकाच्या खुर्चीवरून. त्या कामाचा सगळा रोख अपंगांनी स्वतःच्या पायावर उभं राहण्यावर आहे, कुणी येऊन कीव करण्यावर नाही.

माझे वडील शेवटी दवाखान्यात होते, बोलत नव्हते. तिथली एक आयाबाई प्रत्येक वेळी आधी पडदा ओढायची आणि म्हणायची, "आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते हं." मग दोन श्वास थांबायची. उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "ऐकू येत असंल की." असं माणूस सहा महिन्यांत तयार होत असेल तर होवो, पण निदान चांगल्या हाताखाली व्हायला हवं.

मार्गांचं सांगायचं तर बारावी बायॉलॉजीसह असेल तर बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं, त्याला सीईटी. नाहीतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं. वॉर्डापेक्षा माणसांशी बोलणं आवडत असेल तर समाजकार्याची पदवी आणि पुढं एमएसडब्ल्यू, म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी, ती कोल्हापूरच्या 'सायबर' या संस्थेतही आहे. ६४ टक्क्यांना यातलं काहीच बंद नाही. पण यातलं काय घ्यावं ते मी आज सांगणार नाही. दोन पानांच्या पत्रात मुलीचं नाव चार वेळा आलंय, तिचं वाक्य एकही नाही.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं, की सज्ञान बाई भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करणं चालत नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, थांबून तिलाच विचारता आलं असतं. तुमची लेक १९ वर्षांची आहे आणि तिला भूलही दिलेली नाही. 'शब्दाबाहेर नाही' म्हणजे तिला हे हवंय असं होत नाही. कदाचित तिला खरंच नर्स व्हायचं असेल. कदाचित आज्जीचं करून करून ती इतकी दमलीय, की इंग्लंडच काय, कुठंही जायला तयार होईल. दोन्हीत फार फरक आहे आणि तो तिच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक, राग मानू नका. ती गेली तर तुमच्या आईचं कोण करणार? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुम्ही स्वतः आईची कूस कधी बदललीत? पुढचे पंधरा दिवस रात्रीची पाळी तुमची. नाहीतर पगार देऊन बाई ठेवा, आठ लाखांच्या मानानं ते फारच स्वस्त पडेल. पोरीला पंधरा दिवस सलग झोप मिळू दे. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जाऊन आईच्या गोळ्यांचं बोलून या, जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, आणि आईलाही बोलू द्या.

मग लेकीला घेऊन माझ्याकडे या. तिला एकटीला आत पाठवा, तुम्ही बाहेर बसा. चहा सांगते, त्यात काही घातलेलं नसेल.