करंगळी आपटल्यावर खरी कळ सेकंदभर उशिरा का येते?

तुम्ही विचारलंय की पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की 'लागलं' हे तर लगेच कळतं, पण ती जीवघेणी कळ जरा थांबून येते, मज्जासंस्था जर विजेच्या वेगाने चालते तर मग हा उशीर कशाचा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या पायाच्या संवेदना तपासणं हे रोजचंच काम, आणि खरं सांगायचं तर मज्जासंस्थेची रचना समजून घ्यायला करंगळीइतकी चांगली जागा नाही.

आधी ते विजेच्या वेगाचं डोक्यातून काढून टाका. नर्व्ह म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी, आणि एकेक तंतू हा एकाच पेशीचा लांबलचक फाटा असतो. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने कमी व्होल्टेज असतं, कारण पेशीतले पंप सतत सोडियम बाहेर काढत आणि पोटॅशियम आत घेत बसलेले असतात. सिग्नल जातो म्हणजे काय, तर तंतूच्या एका जागी सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, एखाद मिलिसेकंदापुरतं तिथलं व्होल्टेज उलटं होतं, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची, असं करत करत ते पुढे सरकतं. या सगळ्याला वेळ लागणारच. (दात काढताना देतात ते भुलीचं इंजेक्शन हीच सोडियमची दारं बंद ठेवतं, बाकी काही नाही.) हा वेग मोजता येणारच नाही असं योहानेस म्युलर या नावाजलेल्या शास्त्रज्ञाचं मत होतं, आणि त्याच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झने, 1850 च्या सुमारास बेडकाच्या नर्व्हवर मोजून दाखवला, तो निघाला सेकंदाला साधारण 25 ते 40 मीटर. म्हणजे हायवेवरच्या गाडीच्या आसपास, वीजबीज काही नाही.

आता मुद्दा असा की सगळे तंतू एका वेगाचे नसतात. काहींवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, त्याला जेमतेम एखाद मिलिमीटरच्या अंतराने फटी असतात आणि सिग्नल एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. स्पर्श आणि कंपन नेणारे जाड मायलिनवाले तंतू सेकंदाला 50 मीटरच्या आसपास जातात. टोचल्याची ती पहिली तीक्ष्ण सणक नेतात ते बारीक आणि पातळ मायलिनवाले, त्यांचा वेग 5 ते 30 मीटर. आणि ठणका, जळजळ, ती पोटात कालवणारी कळ आणतात ते सगळ्यात बारीक, मायलिन अजिबात नसलेले, त्यांना सी तंतू म्हणतात आणि ते सेकंदाला फक्त अर्धा ते दोन मीटर चालतात. तुमच्या करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर आहे, आता तुम्हीच हिशोब करा. स्पर्श पोचला एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, आणि कळ अजून पावलातच कुठेतरी आहे! म्हणूनच कपाळ आपटलं तर हा गॅप जाणवत नाही, तिथून मेंदू वीतभरही लांब नाही.

मज्जारज्जूत पोचल्यावर दोन-तीन गोष्टी एकदम होतात. पहिली म्हणजे मेंदूला न विचारताच पाय वर उचलला जातो, आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होतो, नाहीतर तुम्ही धाडकन खाली पडाल. हे सगळं मज्जारज्जूच परस्पर उरकतो, मेंदूला नंतर कळतं. दुसरी गोष्ट मला स्वतःला फार भारी वाटते, दुखण्याचा निरोप मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या, थोड्याच अंतरात पलीकडच्या बाजूला जातो, पण हलक्या स्पर्शाचा आणि कंपनाचा निरोप मुख्यतः त्याच बाजूने वर जातो आणि मेंदूच्या बुडाशी पोचल्यावर बाजू बदलतो. त्यामुळे मज्जारज्जूला फक्त उजवीकडे इजा झाली तर त्या जागेच्या खाली उजव्या पायाची ताकद आणि कंपनाची जाणीव जाते, आणि टोचल्याची जाणीव मात्र डाव्या पायाची जाते. ब्राउन-सेकार या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हे दाखवलं, आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

तिसरी गोष्ट तुम्ही नकळत रोज वापरता, ती म्हणजे आपटलेली जागा चोळणं. चोळलं की स्पर्शाचे जलद सिग्नल त्याच ठिकाणी येऊन दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतात, मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. तपशील पुढे बरेच बदलले, पण मूळ मुद्दा टिकून आहे, आम्ही दुखणं कमी करायला कातडीवरून हलका करंट देणारी जी टेन्स मशीन लावतो तिच्यामागे हाच विचार आहे.

बाकी पुस्तकातली रचना थोडक्यात सांगते, मेंदू आणि मज्जारज्जू हा मध्यवर्ती भाग, त्यातून निघणाऱ्या नर्व्हच्या मेंदूतून 12 आणि मज्जारज्जूतून 31 जोड्या हा बाहेरचा भाग, आणि हृदय, आतडी, घाम वगैरे न सांगता सांभाळणारी स्वायत्त संस्था. 

मग सगळेच तंतू फास्ट का नाहीत? जागा नाही म्हणून. स्क्विड या समुद्री प्राण्यात मायलिन नसतं, त्याने वेग वाढवायला तंतूच जाड केला, अर्धा मिलिमीटर वगैरे, नुसत्या डोळ्याला दिसेल एवढा (हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी त्याच तंतूवर काम करून सिग्नलचं गणित मांडलं, 1963 चं नोबेल त्याचंच). आपला मायलिनवाला तंतू त्याच्या 50 पट बारीक असूनही जास्त वेगवान असतो. पण सगळ्यांना मायलिन चढवायचं तरी जाडी वाढणार, आणि मज्जारज्जू आहे बोटाएवढा. शिवाय पाय ओढून घेण्याची घाई होती ती पहिल्या सणकेतच भागली, मागून येणाऱ्या ठणक्याचं काम वेगळंच आहे, पुढचे काही तास तो पाय सांभाळायला लावणं, त्याला सेकंदभर उशीर झाला तर काय बिघडतं.

लांबीचा तोटाही असतो बरं का. डायबेटीसमध्ये नर्व्ह खराब व्हायला लागतात तेव्हा सहसा सर्वात लांब तंतूंची टोकं आधी जातात, म्हणून बधीरपणा किंवा मुंग्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढतात. तपासताना मी ट्युनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा) वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवते, पेशंटचे डोळे मिटलेले, तो म्हणतो 'थांबलं', आणि माझ्या बोटांना ते अजून चांगलं थरथरताना कळत असतं. हे झाले जाड तंतू. बारीक तंतूंसाठी टोकदार काडी आणि गरम-गार वेगळं बघावं लागतं, कारण एक प्रकार शाबूत असून दुसरा गेलेला असू शकतो. त्यामुळे पाय तपासायला गेलात तर आंघोळीच्या पाण्याचा चटका पायाला नीट कळतो की नाही हेही आपणहून सांगा, कापसाचा स्पर्श कळला म्हणजे सगळं ठीक असं नसतं.