७४० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये मॉरिस

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात ७४० चौरस फुटांचा टूबीएचके, इमारत १५ वर्षं जुनी. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस आणि त्याच्या काळातल्या इंग्रजी ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ (म्हणजे यंत्राच्या नक्षीपेक्षा हातकाम मानणाऱ्या चळवळीतल्या) घरांचे फोटो बघून तुम्ही दोघंही भारावलेले. आणि हातात इंटिरियरवाल्यांचं कोटेशन: हॉलच्या एका भिंतीला वेलबुट्टीचा वॉलपेपर, टीव्हीमागे सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कापलेली एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) जाळी, कपाटांना रंध्याचे ओरखडे छापलेलं लॅमिनेट, छताला पीओपीच्या तुळया आणि त्यांना लाकडी रंग. वर विचारताय, ‘यात आणखी काय घातलं म्हणजे तसं वाटेल?’

आणखी काही घालू नका हो. आधी जाळी आणि तुळया काढा, मग बोलू.

मी सुतार नाही. गेली २४ वर्षं सुतारांकडून, गवंड्यांकडून कामं करून घेतोय, त्यात माझ्या स्वतःच्या दोन घरांची वाट लावून झाली आहे. त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं बरंचसं माझ्या पैशांनी शिकलेलं आहे.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय तुळया का काढायच्या ते पटणार नाही. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. यंत्रं नक्षी पाडायला शिकली होती, त्यामुळे जिथे जागा दिसेल तिथे नक्षी. ओतीव लोखंडाला लाकडाचं सोंग, स्वस्त लाकडाला महाग लाकडाचं सोंग, गिलाव्याला दगडाचं. मॉरिस आणि त्याची मित्रमंडळी या सोंगावर चिडलेली होती. १८५९ मध्ये लग्न झाल्यावर त्याने लंडनजवळ बेक्सलीहीथला घर बांधायला घेतलं, वास्तुरचनाकार त्याचा मित्र फिलिप वेब. नाव रेड हाउस, कारण लाल विटा तशाच उघड्या ठेवल्या. त्या काळी बऱ्या घरच्या लोकांनी विटा गिलाव्याखाली झाकायची रीत होती. घर उभं राहिलं, आणि बाजारात फिरून आत ठेवण्याजोगं काही मिळेना. मग मित्रांनीच टेबलं, कपाटं, काचा, पडदे करायला घेतले. त्यातून १८६१ मध्ये त्यांची कंपनी निघाली.

आता सांगा, पीओपीची तुळई बघून तो माणूस काय म्हणाला असता? तुमच्या छताला आरसीसीची स्लॅब आहे. ती सपाट आहे, पांढरी आहे, चांगली आहे. तिला तसंच राहू द्या.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर मी नुसता भक्त वाटेन. या मंडळींचं सामान गरिबांच्या घरी कधी पोचलं नाही. हाताने केलेलं महाग पडतं, ते तेव्हाही पडत होतं. मॉरिस समाजवादी होता आणि त्याची गिऱ्हाइकं श्रीमंत, हे दुखणं त्याला जन्मभर होतं. पुढे सी. आर. ॲशबी नावाच्या गृहस्थाने १८८८ मध्ये कारागिरांचा संघ काढला, १९०२ मध्ये सगळ्यांना लंडनहून उचलून चिपिंग कॅम्पडन या गावी नेलं, आणि १९०८ पर्यंत सगळं गुंडाळावं लागलं. एक कारण असं की लंडनच्या लिबर्टी या दुकानात तसंच दिसणारं चांदीकाम स्वस्तात मिळायला लागलं होतं. साच्यात दाबून केलेलं, पण वर हातोडीचे ठोके दिसतील असं. तुमचं ओरखड्यांचं लॅमिनेट त्याच खानदानातलं.

ठोक्यांवरून आठवलं. पुण्यात राहताय तर एकदा कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन या. तांब्याच्या हंड्यावर जे एकासारखे एक ठोके दिसतात ना, ते मठारकाम. आपल्याला ती नक्षी वाटते. पण तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो आणि ठोकला की कडक होतो. ठोके मारले नाहीत तर हंडा पोचे पडून बसेल. म्हणजे ते ठोके आधी भांड्याच्या बळकटीसाठी आहेत, देखणेपण मागून आलं. मॉरिसच्या मंडळींना जे म्हणायचं होतं ते तुम्हाला एका हंड्यात कळेल, आणि तिथे बसून ठोकणारा माणूसही दिसेल. जेवणाच्या टेबलावर सोडायला मठारलेल्या तांब्याचा दिव्याचा टोप करून घ्या. वरून पॉलिश मारू नका, काळवंडू द्या.

आता मुद्द्याचं. पैसे कुठे घालायचे याचा मी एकच हिशेब धरतो: हात लागतो तिथे हातकाम. घरात तुमचा हात (आणि पाय) रोज कुठे लागतो ते एक दिवस मोजा. मुख्य दाराची मूठ, जेवणाचं टेबल, ओट्याखालच्या ड्रॉवरच्या मुठी, आत येताना चपला काढता ती जागा, बसायची खुर्ची, रात्रीची चादर. तिथे खरं लाकूड, खरं पितळ, खरं सूत. टीव्हीमागच्या भिंतीला वर्षभरात कुणी हात लावत नाही. तिला साधा रंग. बेडरूमच्या कपाटांना सरळ प्लाय आणि एकरंगी सनमायका लावा, त्यात लाज काही नाही. सनमायका सनमायकासारखाच दिसतोय, तो सागवान असल्याचा दावा करत नाही, म्हणजे तो प्रामाणिक आहे.

यात सगळ्यात जास्त पैसे टेबलावर घाला. टेबल एकच, पण जन्माचं. चार खुर्च्या पुढच्या वर्षी आल्या तरी चालतील, तोवर प्लॅस्टिकच्या ओढून बसा.

लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुनं सागवान मिळतं, पाडलेल्या वाड्यांचं, जुन्या चाळींच्या तुळयांचं. ते घ्या. वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्याइतकं हलत नाही. पण दोन गोष्टी. एक, आत खिळे असतात. लोहचुंबक फिरवून सगळे काढल्याशिवाय मशीनवर घालायला देऊ नका, पाती तुटली की मशीनवाला तुमच्या नावाने शंख करणार, आणि त्याचं बरोबर असणार. दोन, वरून काळं दिसतं म्हणून आत चांगलं असेलच असं नाही. एक टोक कापून बघू द्या म्हणावं. वाळवीची बिळं, भेगा, मऊ पडलेला गाभा तिथेच दिसतो.

सुताराला चित्र दाखवताना नक्षी दाखवू नका, सांधे दाखवा. पायाला आरपार भोक, आडव्या पट्टीचं टोक त्यातून बाहेर आलेलं, त्यात लाकडी खुंटी किंवा पाचर. हे टोक लपवायचं नाही, हे सुताराला तीनदा सांगावं लागतं, कारण त्याला ते अर्धवट काम वाटतं. आमचे मिस्त्री तर म्हणाले, ‘साहेब, लोक म्हणतील पैसे संपले.’ शेवटी केलं, आणि आता नव्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे टेबल दाखवायला ते स्वतःच घेऊन येतात.

माझी पहिली चूक ऐका म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या टेबलाचा फळा मी अखंड सागवानाच्या चार पट्ट्या जोडून करून घेतला आणि खाली प्लायच्या चौकटीला गोंद, वर स्क्रू असा पक्का बसवला. पक्का म्हणजे पक्का. पावसाळ्यात काही झालं नाही. मे महिन्यात एका दुपारी ताट फुटल्यासारखा आवाज झाला. फळ्याला दीड हात लांब भेग. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही लांबीला जवळजवळ नाही, रुंदीलाच. प्लाय तसं हलत नाही. एकाने हलायचं आणि दुसऱ्याने धरून ठेवायचं, मग तुटणारच. फळा चौकटीवर गोंदाने चिकटवायचा नाही. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट पाडायची, म्हणजे फळ्याला सरकायला जागा राहते. सुताराला हे ठाऊक नसेल असं नाही, पण प्लायच्या कामात कुणी विचारत नाही म्हणून सवय गेलेली असते. बोलून घ्या.

वरून पीयूचा (पॉलियुरेथेन व्हार्निशचा) जाड चकचकीत थर मारू नका. तो सुंदर दिसतो आणि एकदा ओरखडा आला की आख्खा फळा घासून पुन्हा मारावा लागतो. जवसाचं तेल, डबल बॉईल्ड, चिंधीने पातळ चोळून, दोन हातांच्या मध्ये एक दिवस सोडून, चार-पाच हात. डाग पडला की तेवढंच घासून तेवढ्यालाच तेल. चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

फरशी. तुम्ही लिहिलंय की सगळी उखडून डिझाइनच्या सिमेंट टाइल्स बसवायच्या आहेत. सगळी नको. दारातून आत आल्यावरचा चार बाय पाच फुटांचा तुकडा आणि बाल्कनी, एवढंच करा. या टाइल्स अजूनही हाताने होतात: लोखंडी चौकटीत पत्र्याचा साचा, साच्याच्या एकेका कप्प्यात पळीने रंगीत सिमेंट, साचा अलगद उचलायचा, वर कोरडं सिमेंट-वाळू, मग दाब. भट्टी नाही. पाण्यात मुरवून कडक करतात. मुंबईतली भारत टाइल्स १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरातच निघाली, तेव्हा हातकामाचा हा धागा थेट आपल्याकडे येतो. पण टाइल जवळजवळ पाऊण इंच जाड असते. आहे त्या फरशीवर बसवलीत तर दार अडेल, आणि वजनही वाढेल. तेवढ्या तुकड्याची जुनी फरशी काढूनच बसवा. बसवल्यावर सीलर मारून घ्या, हळद आणि लिंबाला या टाइल्स फार हळव्या आहेत. बाथरूम धुवायचं ॲसिड तर त्यांच्या आसपासही आणू नका. स्वयंपाकघरात म्हणूनच नको म्हणतोय.

पडदे आणि वॉलपेपर यांत तुम्ही वॉलपेपर निवडलाय. मी पडदे निवडेन. मॉरिसचं स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं जे डिझाइन तुम्ही पाठवलंत, ते मुळात कापड आहे, १८८३ चं. आधी आख्खं कापड निळीत बुडवायचं, मग ठशाने रंग उडवणारं रसायन लावून नक्षीपुरती नीळ काढायची, आणि मोकळ्या झालेल्या जागी लाल, पिवळा चढवायचा. एका कापडाला कितीतरी दिवस लागत. त्या काळात युरोपात जाणारी नीळ मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून जायची, कारखान्यात केलेली नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. तेव्हा मॉरिसची छापील नक्कल आणण्यापेक्षा कच्छचं अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड, घ्या. पद्धत उलटी आहे, तिथे ज्या जागी नीळ नको तिथे आधीच लेप लावून ती अडवतात, पण ठसा, नीळ आणि धीर तोच. हातठशाचं आहे का ते ओळखायला ठसा जिथे संपून पुन्हा सुरू होतो तो जोड बघा. कुठेतरी केसभर सरकलेला असतो. मीटरभरात एकही जोड चुकलेला नसेल तर दुकानदाराला स्क्रीन प्रिंटचं आहे का विचारा. पश्चिमेची खिडकी असेल तर मागे अस्तर लावाच, नैसर्गिक रंग उन्हाला उडतात.

जाता जाता, यात मुंबईही आहे बरं का. ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ ते १८७५ जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते, आणि त्यांची मेव्हणी म्हणजे मॉरिसचा जिवलग मित्र, चित्रकार बर्न-जोन्सची बायको. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशदारावर शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं आहेत, ती या किपलिंगचीच. फळं घ्यायला गेलात तर मान वर करा.

वॉलपेपर हवाच असेल तर ऐका. मॉरिसच्या सुरुवातीच्या काही कागदांतल्या हिरव्या रंगात सोमल (आर्सेनिक हे विष) होता, आणि ज्या खाणीत त्याच्या घरच्यांचे शेअर होते ती सोमलही काढायची. तेव्हा ‘जुनं ते सगळं निर्मळ’ या भ्रमात कुणी राहू नये. आताच्या कागदात विष नाही, पण आपल्याकडे ओल आहे. तुम्ही लिहिलंय की हॉलची ती भिंत बाहेरची आहे आणि खिडकीखाली रंगाचे पापुद्रे निघतात. माझ्या दुसऱ्या घरात अशाच भिंतीवर कागद लावला, सप्टेंबरात मागे काळी बुरशी आणि खोलीला कुबट वास. आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, सोसायटीला आजच पत्र द्या. मग एक आख्खा पावसाळा ती भिंत उघडी ठेवून बघा. कोरडी राहिली तर दिवाळीला कागद लावा. तोपर्यंत टेबलाचं लाकूड बघून ठेवा. टोक कापल्याचा फोटो टाकलात तर गाभा कसा आहे ते सांगतो.