खांड पडली की आधी तिथी पाहा

वाचकांचे प्रश्न : खारभूमी, बांध आणि उधाण

या खेपेच्या पत्रांत खाडीकाठच्या गावांची पत्रं जास्त आहेत. म्हणून सगळं सदर खारभूमीला, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीलाच दिलं आहे.

प्रश्न : उधाणात आमचा बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटला. दहा मीटरची खांड पडली आहे. दुरुस्तीसाठी अर्ज दिला आहे, पण मंजुरीला वेळ लागेल. तोवर गावानं हात लावावा का? (पेण तालुका)

लावावा, आणि येत्या भांगालाच, म्हणजे दोन उधाणांमधल्या लहान भरत्यांच्या दिवसांत. खांड आहे तेवढी राहत नाही. भरतीचं पाणी आत येतं त्यापेक्षा ओहोटीला परत जाणारं पाणी जास्त कापतं. बाहेरची पातळी खाली गेलेली असते आणि आत साठलेला सगळा भार त्या एका तोंडातून सुटतो. त्यानं दोन्ही कडा ढासळतात आणि मधोमध खोल डोह पडतो.

आधी हिशोब करा. बांध दोन मीटर उंच, माथा दीड मीटर रुंद, दोन्ही उतार एकास दोन (मीटरभर उंचीला दोन मीटर पसारा) धरले, तर पाया साडेनऊ मीटर येतो. एका मीटर लांबीला ११ घनमीटर चिखल लागतो, दहा मीटरला ११०. ताजा चिखल बसतो, म्हणून वीस टक्के वाढवून १३० धरा. चिखल कापून, वाहून, चोपून एक माणूस दिवसाला सुमारे दोन घनमीटर काम करतो. म्हणजे पासष्ट माणसांचा एक दिवस. हीच खांड पुढच्या उधाणाला तीस मीटर झाली, तर दोनशे माणसंही पुरणार नाहीत, कारण डोहाची खोली वेगळीच.

तिथी अष्टमी ते एकादशीच्या दरम्यानची निवडा. पाणी तेव्हा सर्वांत कमी चढतं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा जुना आडाखा इथे कामाला येतो : अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून बाराच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). खाडीत आत जावं तशी वेळ थोडी उशिराची होते. ती दोन दिवस आधी खुंटी मारून पाहून ठेवा.

पहिल्या दिवशी खांड बुजवायची नाही, नुसत्या कडा बांधायच्या. दोन्ही तुटक्या टोकांना बांबू ठोकून, मागे चिखलाची पोती रचून कड थोपवा. हे राहून गेलं की मधला भराव होईतो बाजू वाहून जातात, आणि फसलेल्या बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. दुसरी चूक म्हणजे जुनी रेघ धरून डोहातूनच बांध घालणं. तिथे भराव तळ गाठत नाही. डोहाला वळसा घालून घोड्याच्या नालासारखा बांध घ्या. लांबी वाढली तरी माती कमी लागते.

मग बांबूच्या दोन रांगा, त्यांना झापांचा किंवा चटयांचा पडदा, मध्ये चिखल. थर वीतभराचा, आणि प्रत्येक थर पायांनी तुडवून घट्ट झाल्यावरच पुढचा. उघाडी (आतलं पाणी बाहेर सोडणारी, दार असलेली मोरी) या काळात सताड उघडी ठेवा, म्हणजे आत-बाहेर पाण्याचा फरक कमी राहतो. शेवटचं तोंड सुकतीला बंद करायचं आणि त्याच भरतीआधी माथा पाण्याच्या वर आणायचा. चिखल बांधाच्या पायथ्यापासून निदान पाच-सहा मीटर लांबून घ्या. पायथ्याशी खड्डा खणणं म्हणजे पुढची खांड स्वतःच्या हातानं आखणं.

हात लावण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि टेप लावून फोटो काढा. नंतरच्या मागणीला तेवढाच पुरावा उरतो. चिखल काढायची जागा कांदळवनात (खारफुटीच्या जंगलात) येत असेल, तर वनखात्याला आधी विचारा.

प्रश्न : उघाडी नवी आहे, तरी मोठ्या पावसात चार-चार दिवस पाणी उतरत नाही. समुद्राची पातळी वाढली म्हणून असं होतं का? (अलिबाग तालुका)

थोडं त्यामुळे, बरंचसं दुसऱ्याच कारणांनी. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरनं वाढली. तीस वर्षांचे दहा सेंटिमीटर. रायगडात उधाणाला पाणी चार मीटर चढतं-उतरतं, तिथे या दहा सेंटिमीटरनी एका ओहोटीमागे निचऱ्याची दहा-पंधरा मिनिटं जातात. सिंधुदुर्ग-गोव्यात चढउतार दोन मीटरच्या आसपास, म्हणून तिथे दुप्पट. चार दिवस पाणी तुंबायला एवढं पुरत नाही. बांधाच्या माथ्याला मात्र हेच दहा सेंटिमीटर महाग पडतात, कारण पूर्वी उधाणाला माथ्याशी टेकून परत जाणारं पाणी आता वरून सांडतं.

खरा हिशोब उघाडीच्या तोंडाचा आहे. शंभर हेक्टरांवर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन लाख घनमीटर पाणी होतं. उघाडी दोन ओहोट्या मिळून दिवसाला जेमतेम अकरा तास वाहते. तेवढ्यात ते बाहेर काढायचं तर सेकंदाला साडेसात घनमीटर हवेत, आणि बेताच्या वेगानं त्याला सहा ते सात चौरस मीटर तोंड लागतं. म्हणजे मीटर बाय सव्वा मीटरची पाच गाळी (मोरीची तोंडं). भात दोन दिवस वीतभर पाणी सोसतं, म्हणून तीन गाळी चालतील. तुमच्याकडे किती आहेत ते मोजा. नव्या कामांत कित्येकदा दोनच पाइप टाकलेले दिसतात.

गाळी पुरेशी असतील तर बाहेरची नळी बघा. उघाडीपासून खाडीपर्यंतचा चर गाळानं भरला की दार उघडूनही पाणी जात नाही. शेवटी दार. ते समुद्राच्या बाजूला, वरून लटकणारं हवं. भरतीनं आपोआप मिटतं, आतल्या पाण्यानं उघडतं. उंबऱ्यात तिवराच्या (खारफुटीच्या झाडाच्या) बिया, प्लास्टिक, दगड अडकले की बोटभर फट राहते आणि त्या फटीतून प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं. लाकडाला समुद्रकिडा लागतो. बाहेरून फळी धड दिसते, पण ठोकलं की पोकळ वाजते. दर उधाणाआधी उंबरा हातानं चाचपून पाहा. आणि रात्री मासळीसाठी कुणी दाराला खुंटी लावतो का, हेही. प्रश्न नाजूक, पण विचारावाच लागतो.

प्रश्न : निम्मे खातेदार मुंबईला. वर्गणी मागितली की टोलवतात. नियम काय करावा? (मुरूड तालुका)

अलिबाग-पेणकडे एका बांधाखालच्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून जोळ असायचा. माणशी नव्हे, जमिनीप्रमाणे काम, हे त्यातलं शहाणपण आजही लागू आहे. वीस गुंठ्यांमागे वर्षाला एक दिवस श्रमदान, न येणाऱ्यानं त्या वर्षीच्या मजुरीएवढे पैसे भरायचे. सभा गणपतीत ठेवू नका. तोवर पाऊस होऊन गेलेला असतो. शिमग्याला ठेवा : मुंबईकर गावात असतात आणि डागडुजीला वैशाखापर्यंत वेळ उरतो. बांधाचे पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाडून घरटी पाळी लावा. उधाणाच्या भरतीत त्या तुकड्याच्या आतल्या अंगानं चालायचं. पाझर नितळ असेल तर खूण करून ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती निघते आहे, त्याच ओहोटीला खणायला घ्या. खेकड्याचं बीळ तोंडाशी बुजवून उपयोग नाही. शेवटापर्यंत खणत जा आणि ताजा चिखल ठासा.

पैशाला गोव्याच्या खाजनांतली (तिथल्या खारभूमीतली) वाट पाहण्यासारखी आहे. तिथे उघाडीला मानस म्हणतात. मानशीवरच्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो आणि त्या पैशावर बांध राखायचा असतो. खोट एकच : ठेकेदाराला खारं पाणी आत हवं, शेतकऱ्याला नको. लिलाव करणार असाल तर दार चालवणारा माणूस जोळाचा ठेवा, ठेकेदाराचा नको, आणि अनामत रक्कम बांधाच्या नुकसानीला बांधून घ्या.

प्रश्न : गेल्या वर्षी शेतात खारं पाणी भरलं. यंदा जिप्सम टाकून भात होईल का? (रत्नागिरी जिल्हा)

जिप्सम आधी विकत घेऊ नका. ते चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या जमिनीचं औषध आहे. माती तपासा, सामू (पीएच) साडेआठच्या वर नसेल तर तुमचा रोग साधं मीठ आहे, आणि त्याला पावसाचं पाणी पुरतं. कापणीनंतर लगेच नांगरून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढत नाही. जूनमध्ये बांध्यांत बोटभर-चार बोटं पाणी अडवा, दोन दिवस ठेवा, ओहोटीला सोडा. असं तीन-चार वेळा. मातीची क्षारता मीटरला चार डेसीसायमनच्या खाली आल्यावरच लावणी. रोपं गोड्या जमिनीत वाढवा, जरा निबर होऊ द्या, चुडात दोनऐवजी चार काड्या लावा, कारण खाऱ्यात काही मरणारच. पनवेल खारभूमी संशोधन केंद्राची पनवेल-१, २, ३ ही वाणं याच जमिनींसाठी आहेत. अगदी सखल तुकड्यात मात्र राता हा जुना वाण, रहू टाकून, म्हणजे मोड आलेलं बी फोकून. उत्पन्न कमी, पण पदरात पडतं.

प्रश्न : फुटक्या बांधाआत पाच वर्षांत तिवरं माजली. काढून शेती सुरू करता येईल? (पनवेल तालुका)

नाही. जमीन खासगी असली तरी कांदळवन तोडणं गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं ते स्पष्ट केलं आहे, आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत भराव टाकायलाही बंदी आहे. म्हणूनच पहिल्या उत्तरात घाई सांगितली. तिवराचं बी एका पावसाळ्यात रुजतं.

बांधाच्या बाहेर तीच झाडं तुमच्या कामाची आहेत, लाटेचा जोर त्यांच्यावर मोडतो. लावायची असतील तर पावसाळ्यात कांदळाच्या ताज्या हिरव्या शेंगा मीटर-दीड मीटरवर उभ्या खोचा. जिथे बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात ती चिखलपट्टी सोडून. बांधाच्या अंगावर मात्र एकही झाड नको : वाऱ्यानं खोड हलतं, मुळाशी फट पडते, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाची नळी थेट आत उघडते.