प्राचीन अथेन्समध्ये अधिकारी खरोखरच चिठ्ठ्या टाकून निवडत असत का? मग कारभार चालत कसा असे?

होय, खरे आहे. ‘चिठ्ठ्या’ ऐकून ज्यांना हसू येते त्यांच्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे, कारण असे हसू मी एकदा चारचौघांत सोसले आहे.

काही वर्षांपूर्वी थोरली बहीण आणि दाजी यांच्यासह ग्रीसच्या सहलीला गेलो होतो. अथेन्सच्या अगोरातील, म्हणजे प्राचीन बाजारचौकातील, संग्रहालयात एक भंगलेली शिळा आहे. तिच्यावर पातळ पत्र्याची पट्टी जेमतेम सरकेल अशा खाचांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. नावाच्या पट्ट्या खाचांत बसवायच्या, कडेच्या नळीत काळे-पांढरे गोळे ओतायचे आणि जो रंग बाहेर पडेल त्याप्रमाणे अख्खी आडवी ओळ निवडायची किंवा घरी पाठवायची, असे ते सोडतीचे यंत्र. जन्मभर इतिहास शिकवलेला मी तिथे बोलतच राहिलो. तेव्हा दाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, परतीच्या विमानाचा पायलटही चिठ्ठी टाकूनच निवडू या." सगळे हसले आणि मला उत्तर सुचले नाही.

उत्तर सोपे होते. अथेन्सवासी पायलट सोडतीने निवडतच नव्हते. दहा सेनापती दरवर्षी मतदानाने निवडले जात. अथेन्सचा प्रसिद्ध नेता पेरिक्लीस असाच वर्षानुवर्षे निवडून आला. सोडत होती ती पाचशेंच्या परिषदेसाठी, न्यायालयातील पंचांसाठी आणि बहुतेक प्रशासकीय पदांसाठी. परिषदेवर आयुष्यात दोनदाच बसता येई, आणि तिच्या अध्यक्षाकडे खजिन्याच्या किल्ल्या व राज्याची मोहोर एक रात्र आणि एक दिवस, एवढाच वेळ राही. एवढ्या वेळात कोणी गट काय बांधणार?

गंमत म्हणजे तो टोमणाही दाजींचा नव्हेच. जहाजाचा सुकाणूधारी कोणी दाणे टाकून निवडत नाही, असे सांगून सॉक्रेटीस तरुणांना बिघडवतो, असा त्याच्यावर आरोप होता, हे त्याचा शिष्य झेनोफन याने नोंदवले आहे. तोच सॉक्रेटीस परिषदेवर आला तो सोडतीनेच, आणि इ. स. पू. ४०६ मध्ये, अर्गिनुसीच्या आरमारी लढाईनंतर बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सगळ्या सेनापतींचा निवाडा एकाच मतदानात उरकण्याचा बेकायदा प्रस्ताव आला, तेव्हा जमाव खवळलेला असतानाही त्याने विरोध सोडला नाही. सहा सेनापतींना देहदंड झालाच, पण तो नागरिकांच्या सभेच्या मतदानाने.

अर्थात स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी या सोडतीबाहेरच होते. शिवाय पदावर बसण्यापूर्वी चौकशी आणि उतरताना हिशेबतपासणी असे, हेही सांगायला हवे.

तेव्हा कोणी पायलट काढलाच, तर आधी सेनापती दाखवावेत. आमचे दाजी त्यांच्या सोसायटीचे अकरा वर्षे बिनविरोध सचिव आहेत; तिथे एकदा सोडत काढून पाहावी, अशी सूचना मी गेल्या दिवाळीत केली, तेव्हा बहिणीने घाईघाईने चकल्यांची ताटली पुढे केली.