टाउनहाउस घेण्याआधी एचओएची कागदपत्रं वाचा

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात नोकरी पक्की झाली आहे, वर्षभरात टाउनहाउस घ्यायचंय, आणि एचओए (होमओनर्स असोसिएशन, घरमालकांची संघटना) म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच असतं ना? व्हिसा, टॅक्स, कर्ज याबद्दल माहिती कुठेही मिळेल. मी फक्त स्पेशल असेसमेंटबद्दल लिहितो, कारण तो विषय अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

महिन्याचा मेंटेनन्स वेगळा. फंड कमी पडला की एचओएचं बोर्ड, म्हणजे तिची कार्यकारिणी, त्याशिवाय जादा रक्कम लावतं, तीच स्पेशल असेसमेंट. आम्हाला छपरांसाठी घरटी 11 हजार डॉलर लावले. इथल्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याप्रमाणे वर्षाच्या अंदाजपत्रकी खर्चाच्या 5 टक्क्यांवर असेसमेंट लावायची तर सभासदांचं मत घ्यावं लागतं. बोर्डाने खर्च अनपेक्षित असल्याचं सांगून मतदान टाळलं. पण मग तो आधी का कळला नाही, हे ठरावात लेखी द्यावं लागतं. मी जुना रिझर्व्ह स्टडी मागवला, म्हणजे इमारतीचा कुठला भाग किती वर्षं टिकेल आणि त्यासाठी किती फंड लागेल याचा अहवाल. त्यात तीन वर्षांपूर्वीच छपरांपुढे लिहिलं होतं, उरलेलं आयुष्य 2 वर्षं. यात अनपेक्षित काय होतं?

सभेत हे वाचून दाखवलं. माझा वेळ संपल्याचं सांगून अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. नंतर पार्किंगमध्ये दोघातिघांनी मला सांगितलं, तुझं बरोबर आहे. आत एकानेही तोंड उघडलं नव्हतं. एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारलंत. सणावाराला मंडळी भेटतात, त्याचं काही वाटत नाही. त्या सभेत मात्र फार एकटं वाटलं.

दुरुस्ती नकोच, असं माझं म्हणणं नाही. फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत 2021 मध्ये कोसळली, 98 माणसं गेली. तिथेही दुरुस्तीच्या असेसमेंटवरून वाद चालले होते. माझा राग वर्षानुवर्षं फंड न साठवण्यावर आहे.

आणि हे घर आम्ही घेतलं होतं शाळेसाठी. वर्ग भरले म्हणून मुलीला त्याच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (इथल्या शाळांच्या विभागातल्या) लांबच्या शाळेत पाठवलं. रोज तिला गाडीने सोडताना दारासमोरची शाळा दिसते. त्याच महिन्यात हे बिल आलं. दोन्ही गोष्टी मनात एकत्रच रुतून बसल्या आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे थांबवू नका. थकबाकी 1,800 डॉलरवर गेली किंवा वर्षभर राहिली तर घर जप्तीपर्यंत जाऊ शकतं. ‘पेड अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून भरतोय, असं लेखी कळवून भरा. बोर्डाकडे ‘मीट अँड कन्फर’, म्हणजे समोरासमोर बसून चर्चा, मागा, त्यांना नाही म्हणता येत नाही. आम्हाला त्यातून हप्ते मिळाले, रक्कम एक डॉलरनेही उतरली नाही. 12,500 डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या) कोर्टात वकिलाशिवाय जाता येतं. माझा अर्ज भरून तयार आहे. बायको म्हणते, ग्रीनकार्ड हातात येईपर्यंत कोर्ट नको. पैशाच्या दाव्याचा त्याच्याशी संबंध नाही हे दोघांनाही कळतं, तरी अर्ज ड्रॉवरमध्येच आहे.

तुम्ही ऑफर देताना रिझर्व्ह स्टडी आणि मंजूर झालेल्या पण अजून न आकारलेल्या असेसमेंट्स तपासा. बोर्डाच्या मागच्या 12 महिन्यांच्या सभांची मिनिट्सही (इतिवृत्तं) घ्या. ती मागितली तरच मिळतात, एजंट आपणहून आणून देईल असं धरू नका. त्यात छप्पर, प्लंबिंग, बाल्कनी हे शब्द पुन्हापुन्हा येत असतील, तर किंमत ठरवण्याआधी थेट प्रश्न विचारा.